मनुष्य दुसऱ्या ताऱ्याकडे केव्हा जाईल?

१. कुंभकोणम् येथील आकाश

तमिळनाडूमध्ये कावेरीच्या काठी कुंभकोणम् हे प्राचीन क्षेत्र आहे. तेथील महामहम तलाव सुमारे सहा एकरांचा असून त्याच्या भोवती सोळा मंडप उभे आहेत. माशी नावाच्या तमिळ महिन्यात, चंद्र मघा नक्षत्री पूर्ण असताना आणि गुरू ग्रह सिंह राशीत असताना, या तलावावर स्नानाचा मोठा मेळा भरतो. हा योग साधारणतः बारा वर्षांनी येतो. २२ फेब्रुवारी २०१६ रोजी तो आला होता. पुढचा २०२८ साली येईल. गंगा, यमुना, गोदावरी, कावेरी इत्यादी नऊ नद्या त्या दिवशी या तलावात येतात, अशी श्रद्धा आहे. महाराष्ट्रीय वाचकास हा योग परका वाटणार नाही. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील सिंहस्थही गुरू सिंह राशीत असतानाच भरतो.

या मेळ्याचे कालमान गुरूच्या गतीवरून ठरले आहे. गुरूस सूर्याभोवती एक प्रदक्षिणा पुरी करण्यास ११.८६ वर्षे लागतात. बारा वर्षांत आणि या कालावधीत असलेला किंचित फरक साठत जातो व त्यामुळे असे योग क्वचित अकराव्या वर्षीही येतात. हरिद्वारचा कुंभमेळा २०१० नंतर २०२१ साली भरला, तो याच कारणाने.

महामहमच्या पहाटे आकाश निरभ्र असेल, तर तलावाच्या पायरीवर उभ्या असलेल्या मनुष्यास पश्चिमेकडे एकाच प्रदेशात तीन तेजस्वी बिंब दिसतील : पूर्ण चंद्र, गुरू आणि मघा तारा. तिन्ही जणू एकाच छतास टांगलेली आहेत असा भास होतो. परंतु चंद्राचा प्रकाश आपणांपर्यंत येण्यास सव्वा सेकंद पुरतो. गुरूच्या प्रकाशास त्या वेळी सुमारे ३७ मिनिटे लागतात. आणि मघेचा प्रकाश निघून सुमारे ७९ वर्षे झालेली असतात. ज्या किरणांनी ती आज दिसते ते किरण निघाले, तेव्हा आजच्या यात्रेकरूंपैकी बहुतेकांचा जन्मही झालेला नव्हता.

त्याच पहाटे दक्षिणेकडे पाहिले असता क्षितिजापासून सुमारे १८ अंश उंचीवर एक ठळक तारा आढळतो. नरतुरंग या तारकासमूहातील हा सर्वांत तेजस्वी तारा होय. त्याला मित्र असेही नाव दिलेले आढळते. पाश्चात्त्य ज्योतिषी त्यास आल्फा सेंटॉरी म्हणतात. हाच आपल्या सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी होय. नाशिकहून तो क्षितिजाच्या वर जेमतेम नऊ अंश चढतो. कुंभकोणम् विषुववृत्तास अधिक जवळ असल्याने तेथून तो चांगला दिसतो. चंद्रावर मनुष्याने १९६९ साली पाऊल ठेवले. गुरूपर्यंत त्याची यंत्रे गेली आहेत. मग या दक्षिणेकडील शेजाऱ्याकडे तो स्वतः केव्हा जाईल? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

२. शेजाऱ्याची ओळख

हा तारा एकच नसून दोन आहेत, हे प्रथम भारताच्याच किनाऱ्यावरून दिसले. १६८९ च्या डिसेंबर महिन्यात ज्यां रिशो नावाचे फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशक पाँडिचेरी येथून एका धूमकेतूचे निरीक्षण करीत होते. त्यांच्या दुर्बिणीत हा तारा आला आणि तो जोडतारा आहे असे त्यांना आढळले. इतिहासाच्या वाचकास हे वर्ष निराळ्या कारणाने ठाऊक असेल : त्याच वर्षाच्या अखेरीस छत्रपती राजाराम महाराज पाँडिचेरीपासून फार दूर नसलेल्या जिंजीच्या किल्ल्यात येऊन राहिले होते.

या ताऱ्याचे अंतर मोजण्यास मात्र आणखी दीडशे वर्षे लागली. टॉमस हेंडरसन यांनी १८३२-३३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केप येथे केलेल्या वेधांवरून ते काढले व १८३९ साली प्रसिद्ध केले. पुढे १९१५ साली रॉबर्ट इनिस यांना जोहान्सबर्ग येथे या जोडीचा तिसरा, अतिशय मंद सोबती सापडला. हा सोबती इतर दोघांपेक्षा आपणांस किंचित जवळ असल्यामुळे त्यास प्रॉक्झिमा, म्हणजे 'निकटतम', असे नाव मिळाले. तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. २०१६ साली त्याच्याभोवती एक ग्रह फिरत असल्याचे सिद्ध झाले. या ग्रहाचे वस्तुमान निदान पृथ्वीइतके असून त्याचे वर्ष आपल्या अकरा दिवसांहून थोडेसे मोठे आहे.

प्रॉक्झिमाचे अंतर ४.२४ प्रकाशवर्षे आहे. प्रकाश सेकंदास सुमारे तीन लक्ष किलोमीटर धावतो व एका वर्षात जेवढे अंतर कापतो त्यास प्रकाशवर्ष म्हणतात. किलोमीटरांत सांगावयाचे तर प्रॉक्झिमा सुमारे ४० लक्ष कोटी किलोमीटर दूर आहे. या संख्येने बुद्धीस बोध होत नाही. म्हणून आपण एक नकाशा कल्पू.

३. तलावापासून कुशावर्तापर्यंत

महामहम तलावाच्या एका काठावर सूर्य ठेवला आहे अशी कल्पना करू. पृथ्वी व सूर्य यांमधील पंधरा कोटी किलोमीटरांचे अंतर या नकाशात ४.४ मीटर धरू. मग सूर्याचा आकार लिंबाएवढा होईल. त्यापासून ४.४ मीटरांवर पृथ्वी असेल. पण ती खसखशीच्या दाण्याहूनही लहान असेल. गुरू २३ मीटरांवर मुगाच्या दाण्याएवढा दिसेल. सर्वांत दूरचा ग्रह नेपच्यून १३२ मीटरांवर असेल. म्हणजे सूर्याची संपूर्ण ग्रहमाला या एका तलावाच्या विस्तारात मावून जाईल.

आता प्रॉक्झिमा कोठे ठेवावयाचा? तलावाच्या पैलतीरावर नव्हे, कुंभकोणम् शहरात नव्हे, तमिळनाडूतही नव्हे. तो सरळ रेषेत सुमारे १,१८० किलोमीटरांवर, म्हणजे महाराष्ट्रात त्र्यंबकेश्वराच्या कुशावर्त कुंडापाशी ठेवावा लागेल. या दोन जलाशयांमध्ये, त्या रेषेच्या आसपास, दुसरा एकही तारा नाही. केवळ अत्यंत विरळ वायू आणि धूलिकण आहेत.

याच नकाशात पृथ्वी व चंद्र यांतील अंतर सुमारे एक सेंटिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाच्या रुंदीइतके, भरते. मनुष्य आजवर स्वतः जेवढा दूर गेला आहे ते अंतर एवढेच. कुंभकोणम्‌हून त्र्यंबकेश्वरास निघालेल्या प्रवाशाने पहिले बोटभर अंतर काटले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. प्रकाशदेखील या नकाशावर दिवसाला अवघा पाऊण किलोमीटर चालतो. पंढरीचा वारकरी त्याला सहज मागे टाकील.

४. गुरूने दिलेली गती

मानवनिर्मित पाच याने आज सूर्याच्या आकर्षणातून कायमची सुटून बाहेर चालली आहेत : पायोनियर १० व ११, व्हॉयेजर १ व २ आणि न्यू होरायझन्स. या पाचही यानांना गुरूचे साह्य झाले आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हे साह्य कसे होते? समोरून धावत येणाऱ्या आगगाडीवर चेंडू फेकला, तर तो आपण फेकला त्याहून कितीतरी अधिक वेगाने परत येतो. कारण गाडीच्या गतीचा अंश त्यास मिळतो. गुरू सूर्याभोवती सेकंदास सुमारे १३ किलोमीटर वेगाने फिरत आहे. यान त्याच्या जवळून योग्य मार्गाने नेल्यास गुरूचे आकर्षण त्याची वाट वळविते आणि गुरूच्या गतीचा काही अंश यानास लाभतो. गुरूचा वेग तेवढ्याने कमी होतो खरा, परंतु त्याच्या प्रचंड वस्तुमानामुळे ती घट मोजताही येणार नाही. व्हॉयेजर यानांना पृथ्वीवरून निघताना दिलेला वेग त्यांना गुरूच्या कक्षेपलीकडे थोडेसे नेण्यापुरताच होता. पुढील सर्व प्रवास ग्रहांनी दिलेल्या गतीवर झाला. ज्या ग्रहाच्या गतीवरून कुंभकोणम्‌चा मेळा ठरतो, त्याच ग्रहाने मनुष्याची यंत्रे सूर्याच्या अंगणाबाहेर लोटली आहेत.

या यानांत सर्वांत पुढे आहे ते व्हॉयेजर १. ते ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले, १९७९ च्या मार्चमध्ये गुरूजवळून गेले व २०१२ च्या ऑगस्टमध्ये सूर्याकडून वाहणाऱ्या वायूची हद्द ओलांडून ताऱ्यांमधील अवकाशात शिरले. त्याचा वेग सेकंदास सुमारे १७ किलोमीटर आहे. प्रकाश एका दिवसात जेवढा जातो तेवढे अंतर काटण्यास त्याला जवळजवळ ४९ वर्षे लागतात. आपल्या नकाशात ते वर्षाला सोळा मीटर सरकते. मुंगीची गतीदेखील याहून अधिक असते. या वेगाने प्रॉक्झिमाचे अंतर काटण्यास सुमारे ७५,००० वर्षे लागतील. तेवढ्या काळात महामहम सहा हजारांहून अधिक वेळा भरलेला असेल. शिवाय व्हॉयेजरचा रोख प्रॉक्झिमाकडे नाहीच.

याहून वेगवान यान नाही काय? पार्कर सूर्ययानाने २४ डिसेंबर २०२४ रोजी सेकंदास सुमारे १९२ किलोमीटर हा वेग गाठला. परंतु तो सूर्याकडे पडताना मिळालेला वेग आहे. विहिरीत टाकलेला दगड तळाशी वेगाने पोचतो, म्हणून तो विहिरीबाहेर उडी मारू शकत नाही. आणि तो वेग टिकला असे मानले तरी प्रॉक्झिमाची वाट साडेसहा हजार वर्षांची होते.

५. इंधनाचा हिशेब

आजचे अग्निबाण रासायनिक ज्वलनावर चालतात. हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या ज्वलनातून निघणारा वायू सेकंदास सुमारे साडेचार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. अग्निबाणास या वेगाच्या कित्येक पट वेग द्यावयाचा असेल, तर इंधन त्या पटीने न वाढता गुणोत्तराने वाढत जाते. कारण आरंभी जाळावयाचे इंधन हे नंतर जाळावयाच्या इंधनाचाही भार वाहत असते. प्रकाशवेगाचा केवळ शंभरावा भाग, म्हणजे सेकंदास ३,००० किलोमीटर, गाठावयाचा असे ठरविले, तर एक किलोग्रॅम सामानासाठी लागणाऱ्या इंधनाच्या संख्येत एकावर जवळजवळ दोनशे नव्वद शून्ये येतात. दृश्य विश्वातील अणूंची संख्या एकावर ऐंशी शून्ये एवढीच मानली जाते. तात्पर्य, रासायनिक अग्निबाणाने ताऱ्याकडे जाणे हे कठीण नव्हे, अशक्य आहे.

इंधनाचा प्रकार बाजूस ठेवून केवळ ऊर्जेचाच विचार करू. एक किलोग्रॅम वस्तूस प्रकाशवेगाच्या दहाव्या भागाएवढी गती देण्यास सुमारे साडेबारा कोटी युनिट वीज लागेल. तमिळनाडूतील कुडनकुळम् येथील १,००० मेगावॅटची एक अणुभट्टी पूर्ण क्षमतेने चालली तर दिवसाला दोन कोटी चाळीस लक्ष युनिट वीज देते. म्हणजे एका किलोग्रॅमसाठी तिची पाच दिवसांहून अधिक वीज खर्ची पडेल. एक हजार टनांचे यान धरले, तर त्या भट्टीस सुमारे चौदा हजार वर्षे अहोरात्र चालावे लागेल. एवढे करूनही यान केवळ धावू लागले. ताऱ्यापाशी त्यास थांबवावयाचे असेल, तर तेवढीच गती पुन्हा काढून घ्यावी लागेल. मार्गात वारा नाही, पाणी नाही, घर्षण नाही. थांबणे हे सुटण्याइतकेच अवघड आहे.

या अडचणीतून मार्ग काढण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले आहेत. अमेरिकेत १९५८ पासून ओरायन या योजनेखाली लहान अणुबाँबच्या स्फोटांनी यान ढकलण्याचा विचार झाला. अवकाशातील अणुस्फोटांवर बंदी घालणारा करार १९६३ साली झाल्यावर व पैसा आटल्यावर ती १९६५ मध्ये थांबली. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७३ ते १९७८ या काळात डिडॅलस नावाच्या मनुष्यरहित यानाचा तपशीलवार आराखडा केला. अणूंच्या संमीलनाने, म्हणजे ज्या क्रियेने सूर्य तळपतो तिच्या साह्याने, प्रकाशवेगाचा बारा टक्के वेग गाठावयाचा व सहा प्रकाशवर्षांवरील बर्नार्डच्या ताऱ्याजवळून पन्नास वर्षांनी जावयाचे, अशी ती कल्पना होती. पन्नास हजार टन इंधन लागणार होते. आणि त्यातील हेलियम-३ हे दुर्मिळ द्रव्य गुरूच्या वातावरणातून आणावयाचे होते. येथेही पुन्हा गुरूकडेच हात पसरावा लागला. हे यान ताऱ्यापाशी थांबणार नव्हते.

२०१६ साली स्टारशॉट नावाची निराळी कल्पना पुढे आली. इंधन बरोबर न्यावयाचेच नाही. काही ग्रॅम वजनाच्या यानास पातळ शीड लावावयाचे आणि पृथ्वीवरून प्रखर लेसर किरणांचा झोत त्यावर सोडावयाचा. प्रकाशवेगाच्या पंचमांशाने ते वीस वर्षांत शेजाऱ्यापर्यंत जाईल असा हिशेब आहे. परंतु त्या झोतासाठी कुडनकुळम्‌सारख्या सुमारे शंभर भट्ट्यांची वीज काही मिनिटे एकवटावी लागेल. आणि अशा यानात मनुष्य तर राहोच, मनुष्याचा एक केसही भारी पडावा.

६. वाटेवरील संकटे

वेग साधला असे मानले तरी प्रवास निर्वेध होत नाही. प्रकाशवेगाच्या दशांशाने जाणाऱ्या यानावर एक मिलिग्रॅम वजनाचा धूलिकण आदळला, तर त्याचा आघात शंभर किलोग्रॅम टीएनटीच्या स्फोटाइतका होईल. पृथ्वीचे वातावरण व चुंबकीय क्षेत्र ज्या किरणोत्सर्गापासून आपले रक्षण करतात, तो यानावर रात्रंदिवस होत राहील. सलग अवकाशवासाचा आजवरचा उच्चांक रशियाचे व्हालेरी पोल्याकोव यांच्या नावे आहे. १९९४-९५ मध्ये ते ४३७ दिवस अवकाशात राहिले. आपल्याला चार दशकांचा किंवा चार शतकांचा विचार करावयाचा आहे.

यानात अन्न, पाणी व हवा यांचे चक्र स्वतःचे स्वतः चालले पाहिजे. याचा मोठा प्रयोग अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात बायोस्फिअर-२ या बंदिस्त वास्तूत झाला. १९९१ ते १९९३ या दोन वर्षांत आठ माणसे सुमारे तीन एकर जागेत शेती करून राहिली. तेथील हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांवर आले व बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. सकस मातीतील सूक्ष्म जंतूंनी तो वापरला होता. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू भिंतींच्या काँक्रीटने शोषून घेतल्यामुळे तो वनस्पतींच्या वाटे परत मिळाला नाही. बाहेर पृथ्वी होती म्हणून ही चूक प्राणघातक ठरली नाही. ताऱ्यांच्या वाटेवर बाहेर कोणीच नसते.

संदेशांचाही प्रश्न आहे. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील विशाल रेडिओ दुर्बिणीने १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या युरोपीय स्कियापारेली यानाचा अतिक्षीण संकेत टिपला होता. प्रॉक्झिमा मंगळाहून लक्षावधी पटींनी दूर आहे. तेथून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर साडेआठ वर्षांनी मिळेल. आजारी मुलावर कोणता उपचार करावा हे यानातील मातेने पृथ्वीवरील वैद्यास विचारले, तर उत्तर येईतो ते मूल शाळेत जाऊ लागलेले असेल किंवा या जगात नसेल.

७. परत न येणारे प्रवासी

प्रकाशवेगाच्या एक टक्का वेगाने प्रॉक्झिमाचा प्रवास ४२४ वर्षांचा होतो. जे निघतील ते पोचणार नाहीत. पोचतील ते त्यांच्या पंधराव्या-सोळाव्या पिढीतील वंशज. असा प्रवास मनुष्यास झेपेल काय?

कुंभकोणम्‌च्या परिसरात या प्रश्नावर विचार करण्याजोगे एक उदाहरण आहे. इ. स. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावर घेतले आणि त्यांच्या राज्यात महाराष्ट्रातून अनेक घराणी येऊन स्थायिक झाली. ते राज्य १८५५ साली संपले. घराणी मात्र परतली नाहीत. साडेतीनशे वर्षे व दहा-बारा पिढ्या लोटल्या, तरी त्यांतील कित्येक घरांत आजही मराठी बोलली जाते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात भोसले कुळाचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख १८०३ साली कोरला गेला. राजा सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणम् येथे अशाच मराठी घराण्यात जन्मले आणि त्रावणकोरनंतर इंदूर व बडोदे या मराठी संस्थानांचे दिवाण झाले.

यावरून दोन गोष्टी दिसून येतात. पहिली अशी की, पिढ्यांमागून पिढ्या मूळ भूमीपासून दूर राहूनही भाषा, आचार व स्मृती टिकू शकतात. दुसरी अशी की, त्या जशाच्या तशा राहत नाहीत. तंजावरी मराठीत तमिळ शब्द व वळणे मिसळली. पुण्याच्या मनुष्यास ती ऐकताना आपली वाटते आणि निराळीही वाटते. ताऱ्याकडे गेलेल्या मानवांचे वंशज तेथे पोचतील, तेव्हा पृथ्वीवरील मनुष्यास ते असेच वाटतील.

परंतु भेदही तितकाच मोठा आहे. तंजावरास आलेल्यांना कावेरीची सुपीक भूमी मिळाली, शेजारी मिळाले, आणि वाटल्यास परतण्याचा रस्ता मोकळा होता. यानात जन्मणाऱ्या मुलास यातील काहीच मिळणार नाही. मार्गातच जन्मून मार्गातच मरणाऱ्या पिढ्यांना कोणी विचारले नसेल. पूर्वजांच्या इच्छेखातर त्यांनी आयुष्यभर यंत्रांची राखण करावी, हे न्याय्य आहे काय? या प्रश्नाचे उत्तर गणिताने मिळत नाही. परंतु ते दिल्यावाचून यान सोडण्याचा अधिकार कोणास पोचत नाही.

८. मग केव्हा?

प्रवासास केव्हा निघावे याचाही एक हिशेब आहे. नाशिकहून कुंभकोणम्‌ला पायी निघालेला मनुष्य दोन महिन्यांनी पोचेल. आठ दिवसांनी आगगाडी सुरू होणार असेल, तर आठ दिवस थांबून गाडीने जाणारा त्याच्या कितीतरी आधी पोचेल. ताऱ्यांचा प्रवासही असाच आहे. फार लवकर निघणाऱ्यास मागाहून निघालेले गाठतील व पुढे जातील. अतिशय थांबणाराही विनाकारण वेळ दवडील. अँड्र्यू केनेडी यांनी २००६ साली या विचारास गणिताचे रूप दिले.

समजा, मनुष्याच्या यानांचा वेग दर शंभर वर्षांनी दुप्पट होत गेला. आज ७५,००० वर्षांचा असलेला प्रवास शंभर वर्षांनी ३७,५०० वर्षांचा होईल, दोनशे वर्षांनी १८,७५० वर्षांचा, आणि असाच पुढे कमी होत जाईल. प्रवासाचा काळ सुमारे १४४ वर्षांवर आला म्हणजे निघावे, कारण त्यानंतर थांबण्यात जाणारा काळ वाचलेल्या काळापेक्षा अधिक होतो. ही स्थिती आजपासून सुमारे ९०० वर्षांनी येते. वेग पन्नास वर्षांनी दुप्पट होतो असे धरले, तर सुमारे ५०० वर्षांनी निघणे इष्ट ठरते.

हे भविष्यकथन नव्हे. गृहीतापासून निघालेला निष्कर्ष आहे, आणि गृहीत कोणत्या मोलाचे आहे हे वाचकाने पारखून घ्यावे. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर १ हून अधिक वेगाने सूर्यमंडळाबाहेर जाणारे एकही यान त्यानंतर सुटलेले नाही. म्हणजे गेल्या जवळजवळ अर्धशतकात हा वेग दुप्पट तर नाहीच, वाढलाही नाही. वेग आपोआप वाढत नसतो. त्यासाठी नवे शोध, पैसा आणि पिढ्यांचे सातत्य लागते. उलट, आशेलाही जागा आहे. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत अणुसंमीलनातून, इंधनाच्या गोळीवर पडलेल्या लेसर-ऊर्जेपेक्षा अधिक ऊर्जा प्रथमच मिळाली. लेसर चालविण्यास लागणारी वीज मात्र त्याहून पुष्कळ अधिक होती.

एकंदर विचार करता असे म्हणता येईल की, ताऱ्याकडे जाण्यास निसर्गाच्या कोणत्याही नियमाची मनाई नाही. काही ग्रॅमचे यान एखाद्या शतकात धाडता येणे अशक्य कोटीतील वाटत नाही. मनुष्य मात्र येत्या शंभर वर्षांत निघेल असे मानण्यास आज काहीही आधार नाही. तो निघालाच, तर त्यास कित्येक शतके लागतील.

९. आधी संदेश, मागाहून मनुष्य

तोवर काय करावयाचे? कुंभकोणम्‌च्या टाऊन हायस्कुलात शिकलेले श्रीनिवास रामानुजन् यांनी १९१३ च्या जानेवारीत मद्रासहून केंब्रिजच्या प्रा. हार्डी यांना आपल्या गणितातील सूत्रे पत्राने कळविली. ते स्वतः १९१४ च्या मार्चमध्ये जहाजात बसले. त्यांची विद्या त्यांच्याआधी चौदा महिने समुद्रापार जाऊन पोचली होती, म्हणूनच त्यांच्या प्रवासास अर्थ आला. ताऱ्यांच्या बाबतीतही क्रम हाच राहील. प्रथम दुर्बिणी त्या ग्रहावर हवा आहे काय, पाणी आहे काय, याचा शोध घेतील. मग लहान याने जातील. जेथे जाण्याजोगे काही आहे असे कळेल, तेथेच मनुष्याने जाण्याचा विचार करावा.

आणि ज्या विद्येवाचून हा प्रवास होणार नाही, तिची गरज आपणांस आजच आहे. थोड्या पाण्यात अन्न पिकविणे, वापरलेले पाणी पुन्हा शुद्ध करणे, हवेचे चक्र बिघडू न देणे आणि मर्यादित जागेत कलहावाचून राहणे, ही यानातील जीवनाची सूत्रे कावेरी व गोदावरी यांच्या खोऱ्यांतही तितकीच लागू आहेत. आठ अब्जांहून अधिक प्रवाशांना घेऊन पृथ्वीही सूर्याभोवती धावतच आहे, आणि तिच्यातील ऑक्सिजन कमी पडला तर तो बाहेरून सोडणारा कोणी नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. लेखातील नकाशाच्या प्रमाणाने मघा ताऱ्याचे अंतर किती किलोमीटर होईल ते काढा. पृथ्वीच्या परिघाशी, म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटरांशी, त्याची तुलना करा.

२. गुरूची प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची आहे. अशा सात प्रदक्षिणांस किती वर्षे लागतील? सात वेळा बारा वर्षे यांत व त्यांत किती अंतर पडते?

३. यानांचा वेग दर दोनशे वर्षांनी दुप्पट होतो असे मानल्यास निघण्याचा योग्य काळ अलीकडे येईल की पलीकडे जाईल? कारण द्या.

४. चारशे वर्षांच्या प्रवासास निघणाऱ्या यानात आपली कोणती पाच पुस्तके असावीत, आणि यानात जन्मणाऱ्या मुलांना कोणती भाषा शिकवावी, यावर वर्गात चर्चा करा.